इंग्लंडच्या गावचर्चमधील मध्ययुगीन लाकूडकाम: अस्सल कोणते, नंतरचे कोणते?

आपण मला कळवल्याप्रमाणे, पूर्व इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील एका गावच्या चर्चमध्ये आपण वेदीकडच्या भागापुढे उभी असलेली लाकडी आडभिंत पाहिली. तिच्या खालच्या फळ्यांवर संतांची रंगीत चित्रे होती, पण बहुतेकांचे चेहरे खरवडलेले होते. बाकांच्या कडांवर प्राणी आणि माणसे कोरलेली होती, आणि दाराजवळच्या फलकावर ‘पंधरावे शतक’ एवढेच लिहिले होते. हे सगळे खरोखर पाचशे वर्षांपूर्वीचे आहे की व्हिक्टोरियन काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील, नक्कल, चेहरेच का खरवडले गेले, आणि इतके कुशल कारागीर उपलब्ध असताना ही चित्रे पुन्हा रंगवून का घेत नाहीत, असे आपले तीन प्रश्न आहेत.

जुन्या चर्चमधील लाकूडकामाची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे हे प्रश्न मला वारंवार विचारले जातात. अशा ठिकाणी गेल्यावर चित्राकडे पाहण्याआधी लाकडाकडे पाहावे, आणि लाकडातही जे शिल्लक आहे त्याआधी जे कापले, उपटले किंवा बुजवले गेले आहे त्याकडे पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगते. रिकामी राहिलेली भोके, करवतीने उडवलेली टोके आणि बुजवलेल्या खाचा यांना नक्कल करणाऱ्याच्या लेखी काही किंमत नसते, त्यामुळे तो त्या सहसा बनवत नाही, आणि म्हणूनच त्या आपल्याला सर्वांत विश्वासार्ह माहिती देतात.

आधी मूळ रचना समजून घ्यावी लागेल. मध्ययुगीन इंग्लिश चर्चमध्ये लोक ज्या मोठ्या दालनात उभे राहत त्याला नेव्ह म्हणतात आणि वेदीच्या बाजूच्या भागाला चॅन्सेल म्हणतात. या दोहोंच्या मधल्या कमानीत, डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर, क्रूसावरील ख्रिस्ताची मोठी लाकडी मूर्ती असे आणि तिच्या दोन बाजूंना त्याची आई मरिया आणि शिष्य योहान उभे असत. या समूहाला रूड म्हणत. त्याच्याखाली माणसे चालू शकतील एवढ्या रुंदीचा लाकडी सज्जा असे, तिथे मेणबत्त्या लावल्या जात, आणि त्या सज्जाला खालून आधार देणारी जी जाळीदार भिंत ती रूड स्क्रीन. आपण पाहिलेली आडभिंत म्हणजे या तीन मजली रचनेचा उरलेला सर्वांत खालचा मजला आहे. तो एकटा पाहिला की दागिन्यासारखा सुटा वाटतो, परंतु तो प्रत्यक्षात एका भारी रचनेचा पाया होता, आणि त्याचे जाड खांब व रुंद तुळई त्याच ओझ्याच्या हिशेबाने घडवलेले आहेत.

वरचे दोन मजले कुठे गेले, याचे उत्तर सोळाव्या शतकात आहे. 1547 मध्ये प्रोटेस्टंट राजा सहावा एडवर्ड गादीवर आल्यानंतर वर्षभरातच चर्चमधील मूर्ती काढून टाकण्याचे हुकूम निघाले आणि गावोगावचे रूड खाली आले. 1553 मध्ये कॅथलिक राणी मेरी आली तेव्हा ते पुन्हा उभारण्याचा आदेश झाला, आणि ज्या गावांनी जुन्या मूर्ती जाळल्या किंवा विकल्या होत्या त्यांना नव्या घडवण्याचा खर्च सोसावा लागला. नॉरफोकमधल्याच लुडॅम गावात याचा विलक्षण पुरावा आजही जागेवर आहे. तिथे कमानीच्या वरच्या भागात फळ्या बसवून त्यांवर क्रूसाचे दृश्य नुसते रंगवले आहे, कारण कोरीव मूर्तीपेक्षा ते लवकर आणि स्वस्तात होणारे काम होते. पुढे 1558 मध्ये प्रोटेस्टंट राणी पहिली एलिझाबेथ आली आणि तिचे राजचिन्ह कापडावर रंगवून त्याच कमानीत लावले गेले. आज हे दोन्ही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आहेत, आणि एका गावाने थोड्याच वर्षांत किती उलथापालथ सोसली ते माझ्या मते कोणत्याही दस्तऐवजापेक्षा तिथे जास्त स्पष्ट दिसते.

मूळ रूड इंग्लंडच्या पॅरिश चर्चमधून जवळजवळ पूर्णपणे नाहीसे झाले. डेव्हनमधील कलम्पटन येथे त्याचा फक्त पाया उरला आहे: ओकच्या अखंड ओंडक्यांवर खडक, कवट्या आणि हाडे कोरलेला गोलगोथा (ख्रिस्ताला क्रूसावर चढवले ती टेकडी), आणि वर क्रूस बसवण्याची खाच. सफोकमधील वेनहॅस्टन येथे तर पुरावा सावलीच्या रूपात हाती आला. तिथल्या कमानीतील चुना लावलेल्या फळ्या 1892 मध्ये दुरुस्तीच्या वेळी काढून आवारात टाकल्या होत्या. पाऊस आला, चुना धुतला गेला आणि खालून अंतिम न्यायाचे मोठे चित्र बाहेर आले. त्या चित्राच्या मधोमध क्रूस आणि दोन मानवी आकृतींच्या आकाराच्या जागा कोऱ्या आहेत, कारण तिथे पुढ्यात मूर्ती उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे रंग देण्याची गरज नव्हती.

मग खालचा मजला का वाचला? 1561 मध्ये एलिझाबेथच्या सरकारने काढलेला आदेश इथे निर्णायक ठरतो. सज्जे उतरवावेत, मात्र नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामधील आडोसा राहू द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे आज आपण ज्या आडभिंतींचे कौतुक करतो त्या कोणाच्या नजरेतून सुटल्या म्हणून वाचल्या असे नाही. त्या ठेवायच्या असे सरकारनेच ठरवले होते. हे लक्षात ठेवून आडभिंतीच्या वरच्या तुळईकडे पाहावे. सज्जाला आधार देणाऱ्या वक्र फासळ्या जिथून फुटत होत्या तिथे करवतीने सपाट कापल्याच्या खुणा दिसतात, तुळईच्या माथ्यावर कुसवांची (भोकात बसणाऱ्या लाकडी जिभांची) रिकामी भोके ओळीने दिसतात, आणि बाजूच्या दगडी भिंतीत बहुधा एक अरुंद जिना असतो, जो आता हवेतच उघडणाऱ्या दरवाजापाशी संपतो. या तीन खुणा एकत्र सापडल्या तर आडभिंतीचा सांगाडा मध्ययुगीन आहे असे मी जवळजवळ निःशंकपणे म्हणेन.

चेहऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अनेक मार्गदर्शक हे सगळे विल्यम डाउझिंगच्या माथी मारून मोकळे होतात. राजा आणि संसद यांच्यातील इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात, डिसेंबर 1643 मध्ये, संसदेचा सेनापती अर्ल ऑफ मँचेस्टर याने त्याला मूर्ती आणि अंधश्रद्धेची चिन्हे नष्ट करण्याचे अधिकार दिले आणि त्याने केंब्रिजशर व सफोकमधील अडीचशेच्या आसपास चर्चची झडती घेऊन रोजनिशी लिहिली. परंतु त्या रोजनिशीत खिडक्यांच्या काचांवरील चित्रे, क्रूस आणि मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागणारे लेख यांचा भरणा आहे. नॉरफोकची तशी रोजनिशी आपल्या हाती नाही, त्यामुळे आपण पाहिलेल्या चर्चबाबत त्याचे नाव घेण्यास आधार नाही. फळ्यांवरील संतांचे चेहरे खरवडण्याचे बरेचसे काम त्याच्या शंभर वर्षे आधीच, एडवर्डच्या काळात झाले असावे असे मला वाटते. चेहरा आणि विशेषतः डोळे निवडण्यामागे विचार होता. भक्त ज्या नजरेला नजर देऊन प्रार्थना करत होता ती नजर काढून घेतली की उरते ती रंगवलेली फळी, आणि फळीची पूजा कोणी करत नाही, असा तो विचार. शिवाय संपूर्ण आडभिंत मोडली असती तर गावाला नवीन आडोसा स्वतःच्या खर्चाने उभारावा लागला असता.

सगळीकडे सारखीच धडक बसली नाही. नॉरफोकमधल्याच रॅनवर्थची आडभिंत पाहिली नसेल तर जरूर पाहा. तिथल्या सेंट मायकेलचे रूप आणि संतांच्या वस्त्रांवरील जरीकामाचे तपशील इतके टिकले आहेत की मूळ परिणामाची कल्पना येते. बार्टन टर्फ येथे देवदूतांच्या नऊ श्रेणी एका ओळीत उभ्या आहेत. बिनॅमला वेगळाच मार्ग निवडला गेला: संतांवर पांढरा हात मारून त्यावर काळ्या अक्षरांत इंग्रजी बायबलमधील वचने लिहिली गेली, आणि आता तो पांढरा थर झिजल्यामुळे अक्षरांच्या मागून संतांचे चेहरे डोकावतात. आडव्या पट्टीवरील लेखही अवश्य वाचावेत, कारण या आडभिंती राजाने नव्हे, गावकऱ्यांनी वर्गणी आणि मृत्युपत्रांतील देणग्यांतून उभारल्या होत्या. लुडॅमच्या आडभिंतीवर 1493 हे वर्ष आणि 14 पौंड देणाऱ्या जोडप्याचे नाव आजही वाचता येते.

आता लाकूड. हे काम बहुतेक ओकचे आहे, आणि ओक ताजा, ओला असतानाच घडवला जाई, कारण सुकल्यावर तो लोखंडासारखा कठीण होतो. चांगल्या फळ्या ओंडका गाभ्यापासून सालीच्या दिशेने फोडून किंवा तशाच कापून काढत. अशा फळीच्या पृष्ठभागावर रेशमी चमक असलेले आडवे पट्टे दिसतात आणि ती फारशी वाकत नाही. चित्रांसाठीच्या पातळ फळ्या मात्र पुष्कळदा इंग्लंडच्या नव्हेत. बाल्टिक किनाऱ्यामागच्या दाट जंगलांत हळूहळू वाढलेले, सरळ आणि जवळजवळ बिनगाठीचे ओक तिथल्या बंदरांतून जहाजांनी पूर्व इंग्लंडच्या बंदरांत येत असत. वाढीची वलये मोजून लाकडाचे वय ठरवण्याच्या पद्धतीमुळे हा व्यापार आता ठामपणे सिद्ध करता येतो, कारण प्रत्येक प्रदेशाच्या वलयांचा जाड-बारीक क्रम वेगळा असतो. एकाच आडभिंतीत खांब स्थानिक आणि फळ्या परदेशी असणे हे संशयास्पद नाही. उलट ते अगदी अपेक्षित आहे.

जोडांची तपासणी मी नेहमी मागच्या बाजूने सुरू करते. मध्ययुगीन सुतार जी बाजू दिसणार नाही ती गुळगुळीत करण्यात वेळ घालवत नसे, त्यामुळे पाठीमागे वाकसाचे आणि कुऱ्हाडीचे उथळ घाव, आखणीच्या रेषा आणि जोड ओळखण्यासाठी कोरलेले आकडे सापडतात. कुसू भोकात बसवून त्यातून ओकची खुंटी ठोकलेली असते, आणि दोन्ही भोके मुद्दाम किंचित सरकवून पाडलेली असतात, म्हणजे खुंटी आत जाताना जोड आपोआप आवळला जातो. सरसाची तिथे गरजच नसते. आणखी एक बारकावा सहसा सांगितला जात नाही: चौकटीच्या कडेने धावणारी नक्षीदार खोबण कोपऱ्यात वळते तेव्हा जुन्या कामात ते वळण अखंड लाकडात कोरलेले असते, जसे दगडात कोरतात, आणि जोडाची रेघ त्यापासून थोडी बाजूला सरळ जाते. दोन पट्ट्या तिरक्या कापून कोपऱ्यात भिडवण्याची पद्धत नंतर रूढ झाली.

व्हिक्टोरियन काम वाईट असते असे मुळीच नाही. त्यांतील काही कोरीवकाम अतिशय उच्च दर्जाचे आहे. पण ते ओळखता येते. पाठीमागे गोल करवतीच्या वक्र रेघा दिसतात, अणकुचीदार टोकाचे यंत्रनिर्मित स्क्रू सापडतात, आणि ओळीतील दहा पाने दहाही सारखीच असतात, तर मध्ययुगीन ओळीत एकही पान दुसऱ्यासारखे तंतोतंत नसते. रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. जुना ओक काळाकुट्ट असतो हा समज एकोणिसाव्या शतकातील डाग आणि तेल चढवण्याच्या हौसेतून पसरला. मध्ययुगात हे लाकूड एक तर रंगवलेले होते किंवा उघडे, फिकट मधाळ रंगाचे होते.

बाकांविषयी आपले निरीक्षण बरोबर आहे, फक्त त्यात एक भर घालावीशी वाटते. मध्ययुगाच्या बहुतांश काळात सामान्य लोक चर्चमध्ये उभे राहत किंवा गुडघे टेकत. कोरीव कडांचे बाक सर्वसाधारणपणे पंधराव्या शतकात आणि सोळाव्याच्या आरंभी पसरले. नॉरफोक आणि सफोकमध्ये कडांच्या माथ्यावर पानाफुलांचा झुपका आणि हातांवर छोटे प्राणी दिसतात, तर सॉमरसेट आणि कॉर्नवॉलमध्ये कडा चौकोनी असून संपूर्ण पृष्ठभाग उठावाच्या चित्रांनी भरलेला असतो. सॉमरसेटच्या स्पॅक्स्टन येथे लोकरीचे कापड घट्ट करणारा कारागीर आपल्या अवजारांसह कोरलेला आहे, बिशप्स लिडिअर्ड येथे पवनचक्की आहे, ब्रेंट नॉल येथे मठाधिपतीच्या वेशातील कोल्ह्याची कथा एका मागोमाग एक कडांवर चालते, आणि क्रोकम येथील एका कडेवर 1534 हे वर्ष कोरलेले आहे. हे विषय धार्मिक नाहीत म्हणून ते नंतरचे असतील, अशी शंका अनेकांना येते. ती निराधार आहे; ज्या लोकांनी पैसे दिले त्यांचा व्यवसाय आणि त्यांची विनोदबुद्धी चर्चमध्ये येणे त्या काळी स्वाभाविक होते. अशा विषयांना संत-मूर्तींइतका धोका नव्हता, हेही त्यांच्या टिकण्याचे एक कारण आहे. श्रॉपशरमधील लडलो येथे गायकवृंदाच्या घडीच्या आसनांखाली 28 कोरीव आधार आहेत. त्यांत लबाड दारूवालीला सैतान उचलून नेतो ते दृश्य आहे, आणि तेही तसेच वाचले. बाकांच्या बाबतीत सावध राहावे ते बैठकीविषयी, कारण कडा ठेवून मधल्या फळ्या आणि खालचे ओंडके बदलणे ही एकोणिसाव्या शतकातील सर्रास पद्धत होती.

छताकडे मान वर करून पाहायला विसरू नका. केंब्रिजशरमधील मार्च येथे शंभराहून अधिक पंखधारी देवदूत छतातून झेपावताना दिसतात. सफोकच्या ब्लायदबरा येथील देवदूतांमध्ये शिशाचे छर्रे सापडले आहेत. ते प्युरिटन (मूर्तींना विरोध करणाऱ्या कट्टर प्रोटेस्टंट) सैनिकांच्या बंदुकींचे, असे गावोगाव सांगितले जाते, पण ते अठराव्या शतकात छतातील पाखरे मारताना झाडलेले आहेत. सफोकमध्येच उफर्ड येथे बाप्तिस्म्याच्या कुंडावर सुमारे 18 फूट उंचीचे मनोऱ्यासारखे झाकण आहे. त्याचा खालचा भाग वरच्या भागावर सरकत वर जातो आणि आतील प्रतिभार त्याला तोलून धरतो. डाउझिंग स्वतः 1644 मध्ये तिथे आला. त्याने झाकणाची तुलना पोपच्या तिहेरी मुकुटाशी केली, आणि तरी ते उभेच राहिले.

शेवटचा प्रश्न पुन्हा रंगवण्याचा. या फळ्यांवर आधी खडू आणि सरसाचा पांढरा लेप, त्यावर जवसाच्या तेलात खललेले शेंदूर, हिंगूळ, जंगाल, नीळ आणि शिशाचा पांढरा असे रंग, आणि शेवटी सोन्याचा वर्ख अशी रचना असते. काही ठिकाणी साच्यात दाबून उठाव दिलेला कथिलाचा पत्रा चिकटवून जरीचा भास निर्माण केला आहे. जंगाल कालांतराने तपकिरी पडतो, त्यामुळे आज मातकट दिसणारा झगा मुळात झळझळीत हिरवा असू शकतो. त्यावर नवा रंग चढवला तर मूळ थरांविषयीचा हा सगळा पुरावा झाकला जातो आणि नवा रंग काढताना जुनाही निघतो. पूर्वी सद्भावनेने चढवलेले वार्निश आणि तेल काळे पडून चित्रे कशी मलूल होतात ते मी स्वच्छतेच्या कामात पाहिले आहे. चेहरा नव्याने काढला तर तो संताचा राहत नाही, आजच्या चित्रकाराचा होतो, आणि 1540 च्या दशकात गावात काय घडले याची नोंदही पुसली जाते. ही भूमिका मला मनापासून पटते. 1877 मध्ये कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली ती अशाच अतिउत्साही नूतनीकरणाविरुद्ध.

म्हणून आजचे काम मुख्यतः थांबवण्याचे आहे: सुटू पाहणारा रंग जागेवर चिकटवणे, धूळ काढणे आणि लाकडाला ओल लागू न देणे. तुंबलेली पन्हळ हा चर्चमधील लाकडाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. ओलसर, बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये डेथवॉच बीटलच्या अळ्या शिरतात आणि आत पाच-दहा वर्षे पोखरत राहतात. कोरड्या, निरोगी लाकडात त्यांची वाढ नीट होत नाही. आठवडाभर थंड असलेले चर्च रविवारी दोन तासांत जोराने तापवले तर हवेतील आर्द्रता झपाट्याने घसरते, फळ्या आकसतात आणि रंग उडतो, त्यामुळे मी मंद आणि सातत्याच्या उष्णतेचा आग्रह धरते. वटवाघळांचे मूत्र रंगाला आणि धातूला खाते, पण वटवाघळांना कायद्याने संरक्षण असल्यामुळे त्यावर उपाय संथ आणि खर्चिक असतात. शिवाय चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत असे कोणतेही काम करण्यापूर्वी धर्मप्रांताकडून फॅकल्टी नावाची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या टप्प्यावर सल्लागार समिती प्रत्येक रसायनाचे कारण विचारते. ही दिरंगाई गावकऱ्यांना जाचक वाटते, तरी ती योग्य आहे असे मी म्हणेन. चोरीचा धोकाही खरा आहे: डेव्हनमधील टॉरब्रायन येथील आडभिंतीतून 2013 मध्ये दोन रंगीत संतचित्रे उचकटून नेली गेली. ती पुढे सापडली, पण उचकटताना आडभिंतीला इजा झाली होती.

आपण पुन्हा त्या गावी जाल तेव्हा छोटी विजेरी सोबत घ्या आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने, फळीला जवळजवळ समांतर धरा. खरवडण्याच्या रेघा, पत्र्याचा उठाव आणि आखणी लगेच दिसू लागेल. रंगाला बोटही लावू नका. आडभिंतीच्या मागे जाऊन घाव पाहा, वरच्या तुळईवरील रिकामी भोके पाहा आणि खालच्या भागाची तुलना वरच्या जाळीशी करा. आपल्या वर्णनावरून खालचा चित्रांचा पट्टा आणि खांब पंधराव्या शतकातील असावेत असे मला वाटते, कारण खरवडलेले चेहरे कोणी नव्याने बनवत नाही. वरच्या जाळीतील काही तुकडे आणि बाकांच्या बैठका एकोणिसाव्या शतकातील निघाल्या तर आश्चर्य वाटू नये. जमिनीवर बाकांच्या पायाशी ताजा, फिकट भुसा आणि त्यात मसुरासारख्या चपट्या, पण अगदी बारीक गोळ्या दिसल्या, तर त्याचे छायाचित्र काढून चर्चवॉर्डनला (चर्चची देखभाल पाहणाऱ्या गावकऱ्याला) त्याच दिवशी कळवा. वसंतात डेथवॉच बीटल बाहेर पडतो, आणि त्या काही आठवड्यांतच तो नेमका कोणत्या लाकडात आहे ते आम्हाला शोधता येते.